आठव्या वचनानंतर

नागपूरच्या कळमन्यात आवाज चढतो तो बहुतेक वेळा भावावरून. मिरची, संत्री, धान्य, कांदा, यार्डात जे येतं त्याचा लिलाव होतो आणि लिलावावरून वाद होतो. आमच्या गल्लीत मात्र एका घरी वाद चालतो तो मार्कचं शुभवर्तमान नेमकं कुठे संपतं यावरून.

घर एका निवृत्त पाळकांचं. वय सत्तरीच्या पुढे. युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती त्या काळात ते तिथे शिकले. १९५३ साली सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली, आणि त्यात विदर्भाचं काय गेलं याचा हिशेब कुणी मांडला नाही, ही त्यांची कायमची तक्रार. त्यांची भाची यार्डातल्या एका अडत्याकडे संगणकावर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या करते आणि रविवारी मंडळीच्या शब्बाथशाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. ग्रीक ती फोनवर शिकली. मी शेजारी. ख्रिस्ती नाही, पण जुन्या ग्रंथांचा नाद आहे, त्यामुळे दोघंही मला पंच समजतात. पंचाला लागते ती अलिप्तता माझ्याकडे नाही, हे पुढे दिसेलच.

या खेपेला निमित्त झालं एका पानाचं. भाचीने वर्गात कोडेक्स सिनायटिकसचं पान दाखवलं. चौथ्या शतकातलं ग्रीक हस्तलिखित, चामड्याचं, एका पानावर चार स्तंभ. मार्कचा सोळावा अध्याय तिथे आठव्या वचनावर थांबतो. कबरीपाशी गेलेल्या स्त्रिया भेदरून पळतात, कुणाला काही बोलत नाहीत, खाली नक्षीची रेघ, आणि पुढच्या स्तंभात लूक सुरू. आपल्या छापील बायबलात त्यानंतर येणारी बारा वचनं तिथे नाहीतच. एका मुलाने हे घरी सांगितलं, आणि त्या संध्याकाळी मामाजींचा फोन वाजायला लागला.

मामाजी : मी एवढंच विचारतो, पंधरा वर्षांच्या पोरांपुढे ते पान काहून ठेवलं?

भाची : आहे म्हणून ठेवलं. ते पुस्तक चार ठिकाणी विखुरलं होतं मामाजी. लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि जिथलं ते मूळचं, तो सिनायचा सेंट कॅथरीन मठ. जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फने १८४४ मध्ये त्रेचाळीस पानं नेली, १८५९ मध्ये उरलेला मोठा भाग नेला. पुढे सोव्हिएत सरकारने तो १९३३ मध्ये एक लाख पौंडांना ब्रिटनला विकला. मठाला ती पानं परत मिळाली नाहीत. २००९ मध्ये चारही ठिकाणची पानं पहिल्यांदा एकत्र आली, ती पडद्यावर. आता कळमन्यातली कुणीही पोरगी तो ग्रंथ उघडू शकते. तिने उघडू नये?

मामाजी : उघडावा. पण उघडला म्हणजे वाचला असं होत नाही. त्यात सगळी अक्षरं सलग, दोन शब्दांत जागा नाही. वर नंतरच्या लोकांच्या दुरुस्त्या, त्याही हजारांनी.

भाची : बाजूला उतरवून घेतलेला मजकूर आहे. शब्दावर बोट ठेवलं की चित्रातला तोच शब्द उजळतो. मी तशीच तं शिकले.

मामाजी : अक्षर ओळखायला शिकलीस. पुरावा तोलायला नाही. आयरेनियस कोण?

भाची : दुसऱ्या शतकातला. लियोंचा बिशप.

मामाजी : इसवी सन १८०च्या सुमाराला तो लिहितो की मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभूच्या स्वर्गारोहणाचं सांगतो. म्हणजे एकोणिसावं वचन. तुझ्या सिनायटिकसच्या निदान दीडशे वर्षं आधी कुणाच्या तरी हातात लांब शेवटाचं मार्क होतं. हे सांगितलंस पोरांना?

भाची : हे मला ठाऊक नव्हतं.

मामाजी : तं मग. तू त्यांना सर्वांत जुन्या उरलेल्या पानांपैकी एक दाखवलंस. ते समजले की आपण सर्वांत जुना मजकूर पाहिला. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

इथे मामाजींची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण मंडळीतली तरणी मुलं ती म्हाताऱ्याची धास्ती म्हणून उडवून लावतात. ही बारा वचनं मार्कनेच लिहिली असं ते म्हणत नाहीत. व्हॅटिकन ग्रंथालयातलं, साधारण त्याच काळातलं दुसरं मोठं हस्तलिखितही आठव्यावरच थांबतं, हे त्यांना पाठ आहे. चांगल्या प्रती तिथेच संपतात अशी नोंद चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियसने केली आहे, हेही. त्यांचं म्हणणं इतकंच की पुरावा दोन्हीकडे आहे, एकीकडे वजन जास्त आहे, आणि ते किती जास्त हे चित्र पाहून कळत नाही. मला हे पटलं होतं. पण नेमक्या याच जागी भाचीने त्यांना पकडलं.

भाची : म्हणजे ही वचनं मागाहून जोडलेली असावीत, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?

मामाजी : यवतमाळला शिकलो ना.

भाची : आणि इतकी वर्षं पाळक होता, मंडळीला एकदाही नाही सांगितलं?

मामाजी : साप हातात धरण्याचं आणि विष पिऊन न मरण्याचं वचन त्याच बारांत आहे. त्यावर मी एकदाही प्रवचन केलं नाही. माझ्या परीने सांगितलंच ते.

भाची : ते सांगणं नाही झालं. ते टाळणं झालं. आणि तुम्ही टाळलं म्हणून आज कुणी मैदानात मांडव घालून त्याच वचनांवर चंगाईचे दावे करतो तेव्हा आपल्या लोकांजवळ विचारायला प्रश्न नसतो.

मामाजी : माझ्या मंडळीत हमाल होते, रेल्वेतले गँगमन होते, धुणीभांडी करणाऱ्या बाया होत्या. आठवड्यातून एक दिवस येणार, दीड तास बसणार. त्यांच्यापुढे मी हस्तलिखितांची यादी वाचायची?

भाची : त्याच हमालांना मी रोज पाहते. मिरचीचा बोरा फोडला की खरीददार कोपरापर्यंत हात घालून तळची मिरची वर काढतो, रंग बघतो, ओल बघतो, मग बोली. भिवापुरी म्हणून दुसरीच काही खपवायची कुणाची टाप नाही. अडत्या त्याला म्हणतो का, तुझा माझ्यावर विश्वास नाही म्हणून? ज्यांना बोऱ्याचा तळ कळतो त्यांना पुस्तकाचा कळणार नाही, असं तुम्ही परस्पर ठरवलंत.

मामाजींनी याला उत्तर दिलं नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी एक धर्म सोडून दुसरा घेतला, आणि ज्यांच्या वाडवडिलांना ग्रंथाला हात लावू दिला गेला नव्हता, त्या शहरात ‘हे लोकांना झेपेल का’ हा प्रश्न विचारणाऱ्याने जरा जपूनच विचारावा. मामाजी हे जाणतात. त्यांच्या मंडळीतली कितीतरी घरं त्याच वस्त्यांतून आलेली आहेत.

मात्र भाचीने मग जी फुशारकी मारली ती मामाजींच्या पथ्यावर पडली. तिने बसल्या बसल्या आयरेनियसचा तो उतारा फोनवर काढून दाखवला. इंग्रजीत, पूर्ण, फुकट.

मामाजी : कुणाचं भाषांतर?

भाची : ‘अँटी-नाइसीन फादर्स’ मालिकेतलं.

मामाजी : साल बघ.

भाची : अमेरिकन आवृत्ती १८८५ची. मूळ एडिनबर्गची, त्याहून आधीची.

मामाजी : आता त्याच साइटवरची दुसरी पुस्तकं उघड. मॅथ्यू हेन्रीची टीका आहे? तो १७१४ मध्ये गेला. स्ट्राँगचा शब्दकोश? १८९०. थेयरचा ग्रीक कोश? १८८९. ईस्टनचा बायबल शब्दकोश? १८९७. यांच्यानंतर जमिनीतून काय काय निघालं ते आता तू सांग.

भाची : ऑक्सिरिंकसचे पपायरस. १८९७ पासून पुढे.

मामाजी : नंतर?

भाची : नाग हम्मादी, १९४५. थोमाचं शुभवर्तमान कॉप्टिकमध्ये सबंध त्यातच मिळालं. मग १९४७ला कुमरानच्या गुहा, मृत समुद्राच्या गुंडाळ्या.

मामाजी : यातलं काहीही थेयरला ठाऊक नव्हतं. नव्या कराराचं ग्रीक ही बाजारातली, घरातली, पत्रव्यवहारातली साधी बोली होती, हे पपायरसांनी दाखवलं आणि जर्मन अभ्यासक डाइसमानने ते लोकांच्या गळी उतरवलं. तोवर थेयर छापून झाला होता. तुमचं फुकटाचं कपाट गच्च भरलंय, पण त्यात अजून विसावं शतक उजाडायचं आहे. कॉपीराइट संपला म्हणून ही पुस्तकं फुकट आहेत. चांगली म्हणून नव्हे.

हा मुद्दा मला या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो कुणी बोलत नाही. हॅरी प्लँटिंगा यांनी १९९३ मध्ये ‘ख्रिश्चन क्लासिक्स इथीरियल लायब्ररी’ सुरू केली, पुढे ‘न्यू अ‍ॅडव्हेंट’वर चर्चपित्यांचे ग्रंथ आले, पीटर कर्बी यांनी ‘अर्ली ख्रिश्चन रायटिंग्ज’मध्ये पहिल्या दोन-तीन शतकांचं लिखाण कालक्रमाने लावून ठेवलं. ही मोठी कामं आहेत, आणि जगातल्या लक्षावधी गरीब वाचकांची त्यांनी सोय केली. पण नागपूर, बीड किंवा अहिल्यानगरकडचा एखादा तरुण प्रचारक यातलं काही डाउनलोड करून प्रवचनात वापरतो तेव्हा आपण व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विद्वत्तेवर उभे आहोत याची त्याला कल्पनाही नसते. पडदा सगळ्यांना सारखंच ताजं दाखवतो. छापील पुस्तक निदान पिवळं तरी पडतं.

भाचीने हार मानली नाही, आणि मानू नये असंच तिचं पुढचं म्हणणं होतं.

भाची : फुकट ते सगळं जुनं, हे नाही पटत. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे फोटो इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. यशयाची मोठी गुंडाळी त्याच्या आदल्या वर्षी इस्रायल म्युझियमने. म्युन्स्टरच्या ज्या संस्थेत नव्या कराराच्या पाच हजारांवर ग्रीक हस्तलिखितांची नोंद ठेवतात, तिथली चित्रं घरबसल्या दिसतात. २०१० मध्ये निघालेला एसबीएलचा ग्रीक नवा करार फुकट आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. लेख हवे असतील तर जेस्टोरवर नुसतं नाव नोंदवलं की महिन्याला शंभर वाचायला मिळतात. तुमच्या यवतमाळच्या ग्रंथालयात यातलं काय होतं?

मामाजी : यातलं काहीच नव्हतं. पण पाठ्यपुस्तकासोबत शिकवणारा माणूस होता.

भाची : मला कोण शिकवणार होतं? सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, ती फादर होणाऱ्या पुरुषांची. तुमची सेमिनरी पुण्याला गेली. आईचं दुखणं आणि यार्डातली नोकरी सोडून मी तीन वर्षं पुण्यात राहायचं? मला ह्या पडद्याशिवाय दार नव्हतं मामाजी.

दोघांचं ऐकताना मला जे दिसलं ते असं. मूळ साधनं, म्हणजे चित्रं, ग्रीक पाठ, पपायरस, ही आज नवी आहेत आणि फुकटही आहेत. ती समजावून सांगणारी पुस्तकं जुनी असली तर फुकट, नवी असली तर परदेशी चलनात महाग. भाची पहिल्याकडे बोट दाखवते, मामाजी दुसऱ्याकडे. मधली जागा रिकामी आहे, आणि ती भरायला येतात ते व्हिडिओ. ‘चर्चने लपवलेलं शुभवर्तमान’ असा एक, आणि त्याला उत्तर म्हणून ‘बायबलात एक अक्षरही बदललं नाही’ असा दुसरा. दोन्हींना प्रेक्षक भरपूर. आयरेनियस दोघांनाही परवडत नाही.

मामाजींचा दुसरा आक्षेप खोटेपणाचा होता. जिथे कुणीही काहीही चढवू शकतो तिथे खरं-खोटं कसं ओळखायचं, हा नेहमीचा प्रश्न. यावर भाचीने जी हकिगत सांगितली ती मी जवळपास तिच्याच शब्दांत देतो, कारण ती इतकी चांगली आहे की मी मध्ये पडू नये.

भाची : १८ सप्टेंबर २०१२. रोममध्ये कॉप्टिक अभ्यासकांची परिषद. हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी व्हिजिटिंग कार्डाएवढा पपायरसचा तुकडा जाहीर केला. त्यात येशूच्या तोंडी ‘माझी बायको’ असे शब्द. जगभर बातमी झाली. थोड्याच दिवसांत डरॅमच्या फ्रान्सिस वॉटसन यांनी दाखवलं की यातली वाक्यं थोमाच्या शुभवर्तमानातले तुकडे कापून जोडलेली दिसतात. मग अँड्र्यू बर्नहार्ड यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. माइक ग्रोंडिन नावाच्या अभ्यासकाने थोमाचं शुभवर्तमान शब्दाखाली इंग्रजी शब्द देऊन इंटरनेटवर ठेवलं होतं. त्या फाइलच्या एका आवृत्तीत छपाईची चूक राहिली होती, एक अक्षर गळलं होतं. तेच अक्षर त्या तथाकथित प्राचीन तुकड्यातही गळलेलं! चौथ्या-आठव्या शतकातला लेखनिक इंटरनेटवरून उतरवून घेतो का?

मामाजी : मग विषय संपला असेल.

भाची : कुठला संपतो! २०१४ मध्ये हार्वर्डच्या नियतकालिकात छापून आलं की प्रयोगशाळेत तपासणी झाली, पपायरस जुना आहे, शाईतही काही खोट सापडली नाही. पण त्याच मालकाकडचा योहानाचा एक तुकडा त्या तपासणीच्या निमित्ताने उघड झाला, हात त्याच लिहिणाऱ्याचा. क्रिस्टियन आस्केलँड यांनी ओळखलं की तो १९२४ साली हर्बर्ट टॉमसनने छापलेल्या एका कॉप्टिक योहानाची नक्कल आहे. ओळी जिथे तुटतात त्या जागासुद्धा जुळत होत्या, छापील पानातली एकाआड एक ओळ घेतलेली. नंतर २०१६ मध्ये पत्रकार एरियल साबर यांनी तुकड्याच्या मालकाचा माग काढला, तेव्हा किंग यांनीही मान्य केलं की पुरावा बनावटीकडेच झुकतो.

मामाजी : म्हणजे चोरही इंटरनेटवरचा आणि पोलीसही.

भाची : हो. पण पुस्तक कपाटात कुलूपबंद असतं तं चोराने दुसरं काही शोधलं असतं, आणि पोलिसाला पत्ताच लागला नसता.

मामाजी : तो पोलीस कॉप्टिक जाणणारा होता हे विसरू नको. तुझ्या हाती तीच फाइल होती, तुला दिसलं असतं ते गळलेलं अक्षर?

भाची : नसतं. म्हणून तं शिकायचं आहे.

हा टप्पा मी मामाजींच्या खात्यात टाकला. साधन सगळ्यांना मिळालं, चूक पकडली ती भाषा शिकलेल्यांनीच. पण त्या लोकांनी विद्यापीठाच्या मोहरेची वाट पाहिली नाही, हेही खरं. हार्वर्डचं नाव आणि प्रयोगशाळेचा अहवाल एका बाजूला, आणि घरच्या संगणकावर दोन पाठ शेजारी ठेवून पाहणारी माणसं दुसऱ्या बाजूला. त्यात नाव हरलं.

मामाजींना आणखी एक भीती आहे, आणि तिला भाचीकडे पुरेसं उत्तर नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथली डिजिटल हस्तलिखितं महिनोन्‌महिने कुणालाच पाहता येईनात. वर्षभराने इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला, तेही काही दिवस बंद होतं. शिवाय प्रकाशकांनी कोर्टात खटला जिंकला म्हणून आर्काइव्हच्या उसन्या वाचनाच्या यादीतून पाच लाखांवर पुस्तकं निघून गेली. ‘आपल्या मालकीचं काहीच नाही यात,’ मामाजी म्हणाले. भाची म्हणाली, ‘यवतमाळचं ग्रंथालय तरी कुठे आपल्या मालकीचं होतं? ते न हॅक होताच गेलं.’ यावर दोघंही हसले. मुद्दा आहे तिथेच राहिला.

मग मी मध्ये पडलो. मला इंग्लंड-अमेरिकेच्या हस्तलिखितांपेक्षा घराजवळचं काही हवं होतं. मी कल्याणचा विषय काढला. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी होऊन गेला. त्याच्या ग्रंथात नोंद आहे की सिंहलद्वीपात ख्रिस्ती आहेत, मिरी पिकणाऱ्या मलेमध्ये आहेत, आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी तर इराणमध्ये दीक्षा मिळालेला बिशपही आहे. मॅक्रिंडलने १८९७ मध्ये केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर आज कुणालाही वाचता येतं. हे कल्लियाना म्हणजे आपलं मुंबईजवळचं कल्याण. सेंट झेवियरच्या हजार वर्षं आधी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बिशप होता!

मामाजी : ‘होता’ म्हणू नका. ‘असावा’ म्हणा. काहींच्या मते ते कल्लियाना म्हणजे उडुपीजवळचं कल्याणपूर. कॉस्मस स्वतः हिंदुस्थानात आला होता की बंदरावर ऐकलेलं लिहीत होता, यावरही मतभेद आहेत.

भाची : पण ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पहिल्या शतकातही कल्लिएना आहे ना, आणि ते सातवाहनांच्या मुलखातलं? तिथे कल्याण धरतातच.

मामाजी : नाव तेच म्हणून गाव तेच असं पाचशे वर्षांनंतर कसं म्हणशील? धरता येईल. पण वजन किती, ते बोल.

मला खरं तर कल्याणच हवं होतं, अजूनही हवं आहे. मामाजींसमोर असं काही हवं असणं जरा अवघड जातं.

पण या कल्याणाच्या गोष्टीने आमच्या तिघांच्याही लक्षात एक आलं. कॉस्मसचा उतारा ग्रीकमध्ये मिळाला, इंग्रजीत मिळाला, त्यावरचे वाद इंग्रजीत मिळाले. मराठीत मात्र त्याच्यावर विश्वासाने पुढे ठेवावं असं काही आमच्या हाती लागलं नाही. मराठी बायबलच्या चारपाच आवृत्त्या फोनवर आहेत, बोलून दाखवणारीही आहेत. पाठाच्या पलीकडे गेलं की ओसाड. आणि ही भाषा या बाबतीत नवखी नाही. विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचं मराठी शुभवर्तमान १८०५ मध्ये निघालं. त्याहून जवळजवळ दोनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्यांचं. त्याच्या त्या काळच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. आज आपण ते वाचतो ते हस्तलिखितांमुळे. जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला १९०७ मध्ये काढलेली रोमन लिपीतली आवृत्ती आणि लंडनच्या सोआसमधली देवनागरी प्रत ही त्यातली मोठी नावं. म्हणजे हस्तलिखितांचा मेळ घालणं, पाठ ठरवणं, हे मराठीच्या स्वतःच्या घरातलं काम आहे.

भाची : पंडिता रमाबाई कुठल्या सेमिनरीत गेल्या होत्या? केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मराठीत आणलं.

मामाजी : १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ला ते छापून निघालं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात गेली. तुला दोन तासांत आयरेनियस मिळाला म्हणून दोन तासांत रमाबाई होता येत नाही.

भाची : मला रमाबाई नाही व्हायचं. मला मार्कच्या शेवटावर चार पानं मराठीत लिहायची आहेत, माझ्या वर्गासाठी. सिनायटिकस, व्हॅटिकनस, युसेबियस आणि तुमचा आयरेनियस. जे फोनवर मिळतं त्याचा पत्ता. जे मिळत नाही, ते तुमच्याकडून.

मामाजी : आणि फुकट पुस्तकांची यादी देशील तिथे?

भाची : देणार.

मामाजी : मग प्रत्येक नावापुढे साल लिही. ठळक. थेयर, १८८९. आणि त्याच्या बाजूला, त्यानंतर काय सापडलं ते.

भाची : मान्य. तुमच्या यवतमाळच्या वह्याही द्या. त्यात मार्कवरची टिपणं आहेत, मी पाहिलीयत. फोटो काढून घेते.

मामाजी : त्या वह्या नको. त्या सत्तरच्या दशकातल्या आहेत. तेव्हाच्या प्राध्यापकांचं म्हणणं त्यात आहे, त्यावर आता कितीतरी पाणी वाहून गेलं.

भाची : मग त्यांच्यापुढेही साल लिहू.